नावे अनेक, दार एक

दिवाळीत पोस्टमनला पोस्त देण्याची रीत आता मागे पडत चालली आहे. आमच्या लहानपणी मात्र ती घरोघर पाळली जाई, आणि मला ती विशेष आठवते याचे कारण असे की, आमच्या घरून पोस्त जात नसे, आमच्या घरी ती येत असे. माझे वडील रिसोडकडच्या एका खेड्यात टपाल वाटीत. दिवाळीतल्या फेरीवरून ते परतले म्हणजे खाकी पिशवीतून चकल्या, अनारसे आणि एखाद्या घरचा नवा पंचा निघावयाचा. आम्ही भावंडे त्या पिशवीवर तुटून पडत असू. वडील मात्र कंदील जवळ ओढून एका लांबट वहीत काहीबाही लिहीत बसत.

ती वही काय होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहावयाचे, साखर वाटावयाची, की माहेरची ठकी सासरची लक्ष्मी झाली. पण माहेरच्या म्हाताऱ्या आजीला ते नवे नाव कोठून लक्षात राहावयाचे? ती जे कार्ड लिहवून घेई ते ठकीच्याच नावाने. शिवाय गावात कोणी आडनावाने ओळखला जाई, कोणी धंद्याने, कोणी मूळ गावाच्या नावाने. वडिलांच्या वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे पाकिटावर जे नाव येते ते, आणि उजवीकडे ज्या दारी ते पोहोचवावयाचे ते दार. एकेका दारासमोर तीन-तीन, चार-चार नावे होती. "नाव कोनतंही येवो, पत्र वापस जाता कामा नये," एवढेच ते म्हणत.

ही वही मला पन्नास वर्षांनी पुन्हा आठवली, आणि मौज अशी की, ती एका संगणकापुढे बसलो असताना आठवली. त्याची हकीकत सांगावयाची तर आधी एका बाईंची गोष्ट सांगितली पाहिजे.

मी वाशीमच्या एका शिक्षणसंस्थेत इतिहास शिकवीत असे. २०१९ च्या जुलैत, निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एक दिवस एक प्रौढ बाई नातवाला घेऊन माझ्या दारी आल्या. मालेगावकडून एस. टी. ने आल्या होत्या. मी त्यांना ओळखले नाही. मग त्यांनी आपले माहेरचे नाव सांगितले, आणि क्षणात पहिल्या बाकावर बसणारी, सनावळ्या घडाघडा म्हणणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "माहं नाव शायेतून काढून टाकलं काय जी?"

मला काही उमगेना. तेव्हा नातवाने खुलासा केला. आजोबा वर्षापूर्वी वारले होते. कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत आजीच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागणारे पत्र त्याने मोबाईलवरून शाळेच्या ई-मेलच्या पत्त्यावर धाडले होते. पत्ता शाळेच्याच एका जुन्या माहितीपत्रकावरून घेतला होता. पत्र लागलीच परत आले, सोबत इंग्रजीत चार ओळी. नातवाने घाईत त्यांचा अर्थ सांगितला: या नावाचे कोणी नाही. आजीला वाटले, हे आपल्याच नावाविषयी आहे. रजिस्टरात आपण नाही. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आपण त्या शाळेत गेलोच नाही, असे कोणीतरी ठरवून टाकले.

मी त्या ओळी वाचल्या. यंत्राचे म्हणणे निराळे होते. ज्या पत्त्यावर पत्र धाडले होते, त्या पत्त्यावर कोणी राहत नाही, एवढेच ते सांगत होते. पण हे कळूनही माझ्या मनातली टोचणी गेली नाही. ती बाई अन्नपाणी गोड न लागता आठ दिवस ज्या वाक्यावर झुरली, ते वाक्य आमच्या दाराने उच्चारले होते.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. दाखला मिळावयास अडचण पडली नाही. रजिस्टरात तिचे नाव ठसठशीत होते. मग मी आमच्या संगणकाच्या मास्तरांकडे वळलो. मास्तर वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने सालस. ते म्हणाले, "गुरुजी, चूक आमचीच आहे. पूर्वी शाळेच्या नावाचे एक ठाणे होते. पुढे महाविद्यालय निघाले, त्याचे दुसरे. मग संस्थेने नवे नाव घेतले, त्याचे तिसरे. सगळे टपाल आता एकाच यंत्रावर येते. यंत्राला तिन्ही ठाणी ठाऊक आहेत, पण जुन्या ठाण्यातली माणसे ठाऊक नाहीत."

मी इतिहासाचा मास्तर. कोणतीही गोष्ट मला आरंभापासून सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्यांनी सांगितले, आणि पुढे मी स्वतः धुंडाळून वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

विजेच्या टपालाचा पत्ता दोन भागांचा असतो. डावीकडे माणूस, उजवीकडे ठाणे, आणि दोहोंच्या मध्ये वेटोळ्यात अडकलेले ते 'ॲट'चे चिन्ह. हे चिन्ह आमच्या आडत बाजाराला नवे नव्हते. इतके क्विंटल माल, अमुक दराने, असे लिहिताना पावतीवर ते पूर्वीपासून येते. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या तंत्रज्ञाने ते पत्त्यासाठी उचलले. त्याने पहिले पत्र धाडले ते एकाच खोलीत शेजारी शेजारी असलेल्या दोन यंत्रांमध्ये. त्या वेळी जाळ्यातली यंत्रे इतकी थोडी होती की, सगळ्यांची नावे एका यादीत मावत. ती यादी स्टॅनफर्डच्या एका संशोधनसंस्थेत ठेवीत आणि प्रत्येक ठिकाणी तिची नक्कल उतरून घेत. गाव वाढले तशी यादी पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस याने नावांची उतरंड रचली: मोठ्या नावाच्या पोटात लहान नाव, त्याच्या पोटात आणखी लहान, आणि ज्याने त्याने आपल्या पोटातली यादी सांभाळावयाची. १९८६ साली त्यात आणखी एक पाटी आली, 'या ठाण्याचे टपाल अमुक यंत्राकडे न्यावे' असे जगाला सांगणारी. या एका पाटीमुळे एकाच यंत्राला अनेक ठाण्यांचे टपाल घेता येऊ लागले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ही सारी व्यवस्था तयार होऊनच आपल्या दारी आली.

ऐकता ऐकता मला हसू आले. मास्तरांनी विचारले, "का हो गुरुजी?" मी म्हटले, "अहो, ही उतरंड वाशीमने कधीच पाहिली आहे."

आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळी त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याच्याही आधीच्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला मिळाला. राजाने वत्सगुल्माहून ब्राह्मणांना एक गाव दान दिले. ते कोठे आहे, हे त्यात कसे सांगितले आहे पाहा: नांदीकडाच्या उत्तरेकडील मार्गात, ताकालक्खोप्पकाजवळचे आकासपद्द. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड, असे महामहोपाध्याय मिराशींनी दाखविले. म्हणजे मोठ्या प्रदेशाच्या पोटात लहान, त्याच्या पोटात गाव. पंधरा-सोळा शतकांपूर्वीच्या लेखनिकाला हे उमगले होते की, नुसते गावाचे नाव सांगून भागत नाही. ते कोणाच्या पोटात आहे हेही सांगावे लागते.

आणि ते का सांगावे लागते, हे आमच्या जिल्ह्याइतके कोणाला कळणार? आमच्याकडे कारंजा आहे, तसे वर्ध्याकडेही कारंजा आहे. एक लाडांचे, एक घाडग्यांचे. 'लाड' आणि 'घाडगे' हे शेपूट विसरले की पत्राची दिशा चुकलीच. आमचे मालेगाव आहे, तसे नाशिककडचे मालेगाव आहे, आणि 'मालेगाव' एवढेच म्हटले तर चारचौघे दुसऱ्याचेच समजतात. मंगरूळ पीर आमचे, मंगरूळ दस्तगीर अमरावतीकडचे. नाव एक, गावे दोन. हा झाला एक पेच.

दुसरा पेच याच्या उलट, गाव एक आणि नावे अनेक. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले. राजशेखराच्या काळी तेथील काव्यरीतीला वच्छोमी म्हणत. त्याच राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लाविले आहे. अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या सरकारांमध्ये 'बासिम' येते. इंग्रजांनीही 'बासिम'च लिहिले. त्यांच्या अमलात बासिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, तेव्हा तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. पुढे त्र्याण्णव वर्षे आम्ही पत्त्यात 'जिल्हा अकोला' लिहीत होतो. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, आणि लाखभर पाट्या, शिक्के आणि लेटरहेडे एका रात्रीत जुनी झाली.

त्या दिवशी पत्रे मात्र हरवली नाहीत. त्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. टपालखात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची कल्पना. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपालकचेरीचे. वाशीम ४४४५०५, रिसोड ४४४५०६. लाडांचे कारंजा ४४४१०५, घाडग्यांचे ४४२२०३. वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला तरी आमच्या आकड्यांच्या आरंभीचे ४४४ तसेच राहिले. कारभाराचा जिल्हा बदलला, टपालाचा बदलला नाही. पाकिटावर 'जि. अकोला' लिहिलेले असो वा 'जि. वाशीम', पत्र त्याच थैलीत पडत असे.

मास्तर हे सारे कौतुकाने ऐकत होते. मग त्यांनी पडद्यावर काही ओळी काढून दाखविल्या. "गुरुजी, आपले टपाल सांभाळणारा हा कारकूनही १९९८ चाच आहे. पोस्टफिक्स त्याचे नाव. वीत्से वेनेमा नावाच्या डच शास्त्रज्ञाने तो लिहिला आणि त्या डिसेंबरात सर्वांना फुकट दिला." आमचा जिल्हा आणि हा कारकून एकाच वर्षीचे निघाले, याचे मला उगीचच बरे वाटले.

या कारकुनाच्या हाती ठाण्यांच्या दोन याद्या असतात. पहिली घरच्या ठाण्यांची. या यादीत जितकी ठाणी लिहाल, त्या सगळ्यांत तीच माणसे राहतात असे तो धरून चालतो. दुसरी यादी पाहुण्या ठाण्यांची. तिच्यासोबत एक तक्ता असतो. त्यात डावीकडे येणारा पूर्ण पत्ता आणि उजवीकडे ज्या पेटीत टाकावयाचा तिचा पत्ता. एक ठाणे एकाच यादीत लिहावे, दोन्हींत लिहू नये, असा त्याचा सक्त नियम आहे. कारण दोन्हींत लिहिले तर घरच्या यादीचा निवाडा लागू होतो आणि तक्त्यात नसलेली नावेही आत शिरतात. शिवाय तक्त्यात नवी ओळ घातली की त्याची सूची पुन्हा बांधावी लागते, नाहीतर कारकून जुनीच सूची वाचीत बसतो.

आमच्याकडे तिन्ही ठाणी घरच्या यादीत कोंबलेली होती. त्यामुळे दोन्ही पेच एकदम पडले होते. शाळेचे 'कार्यालय' आणि महाविद्यालयाचे 'कार्यालय' ही दोन निरनिराळी दारे. पण यंत्राला ती एकच वाटत, आणि शाळेच्या पालकांची पत्रे महाविद्यालयाच्या कारकुनापुढे पडत. लाडांचे टपाल घाडग्यांकडे! उलटपक्षी, शाळेच्या माहितीपत्रकावर वर्षानुवर्षे छापलेले जुने नाव नव्या यंत्रावर कोणाचेच नव्हते, म्हणून ते परत धाडले जाई.

मास्तरांनी प्रथम घाईचा उपाय केला. जुन्या ठाण्याच्या नावे काहीही येवो, ते सगळे एका पेटीत टाकावे, अशी एकच ओळ घातली. मला वाटले, झाले काम. पण आठवड्याभरात ती पेटी लॉटरीच्या, औषधांच्या आणि कोणत्याशा परदेशी राजपुत्राच्या वारशाच्या पत्रांनी ओसंडून गेली. चोरटे लोक मनास येतील ती नावे जुळवून पत्रे धाडतात, आणि आमचे दार कोणत्याही नावाला 'हो' म्हणत होते. त्या ढिगात आणखी एका माजी विद्यार्थ्याचे दाखल्याचे पत्र महिनाभर दबून राहिले. सर्वांना नाही म्हणणारे दार आणि सर्वांना हो म्हणणारे दार, दोन्ही सारखीच निरुपयोगी!

तेव्हा मला वडिलांची वही आठवली. मी म्हटले, "मास्तर, तक्ता हातानेच लिहावा लागेल. एकेक नाव शोधून."

"पण जुनी नावे आता कोणाला ठाऊक आहेत?"

"ते माझे काम."

आणि खरोखर, निवृत्तीनंतर इतके आनंदाचे काम मला लाभले नव्हते. मी जुनी माहितीपत्रके काढली, लेटरहेडे काढली, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका काढल्या, अर्जांचे कोरे नमुने काढले. कोठे मुख्याध्यापकांच्या नावाचा पत्ता, कोठे नुसत्या हुद्द्याचा, कोठे वसतिगृहाचा, कोठे कधीच बंद पडलेल्या रात्रशाळेचा. एका पत्रिकेत वाशीम, दुसरीत वाशिम. आपण वाचताना ऱ्हस्व-दीर्घ पोटात घालतो. यंत्र घालीत नाही, त्याच्या लेखी ती दोन गावे. २०१४ पासून ठाण्यांची नावे देवनागरीतही घेता येतात, तेव्हा पुढे कोणी ती घेतली तर शुद्धलेखनाचा हा जुना वाद आमच्या टपालात शिरणार, हे मी मास्तरांना सांगून ठेवले आहे.

अशी एकंदर एक्केचाळीस नावे भरली. त्यांची दारे निघाली सात. व्यक्तीच्या नावाचे जे पत्ते होते, ते आम्ही हुद्द्याच्या पेटीकडे वळविले. कारण मुख्याध्यापक निवृत्त होतात, मुख्याध्यापकपद निवृत्त होत नाही. शाळा आणि महाविद्यालय पाहुण्या यादीत घालून त्यांची दारे निरनिराळी केली. टपाल घेणाऱ्या प्रत्येक ठाण्यावर 'पोस्टमास्टर' नावाची पेटी असलीच पाहिजे, असाही या जगाचा एक जुना नियम आहे. आमच्या जुन्या ठाण्यावर पोस्टमास्टरच नव्हता! ती पेटी मास्तरांनी स्वतःकडे घेतली. टपालवाल्याच्या मुलाला ते पाहून केवढे समाधान वाटले म्हणून सांगू!

शेवटी संस्थेच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. जुन्या ठाण्याचे भाडे दरसाल भरावे लागते. नवे नाव असताना जुन्यावर खर्च कशाला, असे एका सभासदांचे म्हणणे. म्हणणे वावगे नव्हते. संस्थेचा पैसा जपून वापरावयाचाच. मी एवढेच विचारले की, आपण सोडलेले नाव उद्या दुसऱ्या कोणी घेतले, तर आपल्या माजी विद्यार्थ्यांची पत्रे कोणाच्या हाती पडतील? त्यांत जन्मतारखा असतात, दाखले असतात, बापाचे-आईचे नाव असते. बैठक काही क्षण गप्प राहिली. मग ज्यांनी प्रश्न काढला होता, त्यांनीच खर्चास अनुमोदन दिले.

इतिहास शिकविताना मी मुलांना सांगत असे की, नाव बदलणे हा राज्यकर्त्यांचा अधिकार आहे आणि जुने नाव ध्यानात ठेवणे हे समाजाचे कर्तव्य. हे वाक्य मला तेव्हा फार मोठे वाटावयाचे. आता वाटते, ते कर्तव्य समाज म्हणून कोणी करीत नाही. एखादा लेखनिक, एखादा टपालवाला, एखादा संगणकाचा मास्तर रात्री दिवा ओढून करीत असतो. वत्सगुल्म म्हणा, बासिम म्हणा, वाशीम म्हणा, हाक मारणारा ज्या नावाने मारील त्या नावाला ओ देता आली पाहिजे. आणि हाक मारणारे बहुधा जुन्याच नावाने मारतात; कारण ते दूर गेलेले असतात, आणि आपण बदललो हे त्यांना कोणी कळविलेले नसते.

त्या वर्षी दिवाळीत मालेगावकडून एक डबा आला. आत अनारसे होते, आणि निवृत्तिवेतन सुरू झाल्याची चिठ्ठी. चिठ्ठीखाली सही करताना तिने सासरचे नाव लिहिले होते, आणि त्याखाली, शाळेच्या वहीत लिहीत असे तशाच अक्षरात, माहेरचेही.

मी वडिलांची वही काढली. शेवटची काही पाने कोरी होती. मधली उभी रेघ त्यांनी तेथवर आधीच आखून ठेविली होती. मी डावीकडे तिची दोन्ही नावे लिहिली, आणि उजवीकडे एकच दार.